कार्ब्युरेटरकडून इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाकडे : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : कार्ब्युरेटर, इंधन-अंतःक्षेपण, डिझेल इंजिन, रांजणगाव, उत्सर्जन मानके, इथेनॉल, ग्रामीण यंत्रकौशल्य

विषयप्रवेश

मोटारीचा इतिहास बहुधा कारखाना, नमुना आणि विक्रीचे आकडे यांच्या अंगाने लिहिला जातो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये बसून त्याच मोटारीचे पोट उघडणाऱ्या मेस्त्रीच्या अंगाने तो क्वचितच लिहिला गेला आहे. वास्तविक यंत्रातील एखादा भाग बदलला की त्याबरोबर एक संपूर्ण कौशल्य जन्माला येते किंवा लयाला जाते. पेट्रोल इंजिनातील कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण, म्हणजे बोलभाषेतील ‘फ्युएल इंजेक्शन’, आले ही घटना या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. प्रस्तुत निबंधात पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या संदर्भात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

हे दोन तालुके निवडण्यास कारण आहे. घोड नदीकाठचे शिरूर हे रस्त्याचे गाव आहे. कंपनी सरकारच्या काळात तेथे लष्करी छावणी होती आणि पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हा मार्ग त्याच्या दारातून जातो. भीमेकाठचे दौंड हे रुळाचे गाव आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यापासून त्याची ओळख जंक्शन हीच राहिली. एका तालुक्यात रांजणगावची पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी राहिली, तर दुसऱ्यात उसाची शेती, गुऱ्हाळे आणि कुरकुंभची रासायनिक वसाहत. इंजिन या यंत्राशी दोघांचाही संबंध जुना आहे, परंतु तो वेगवेगळ्या वाटांनी आलेला आहे.

कार्ब्युरेटरचे राज्य

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहन सेवेची पहिली गाडी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली, हे सर्वश्रुत आहे. ही गाडी ज्या रस्त्याने गेली तो शिरूरवरून जातो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्या सुरुवातीच्या काळात परिवहन सेवेच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर अशा अनेक विदेशी बनावटीच्या गाड्या होत्या. त्या पिढीच्या बेडफर्ड गाड्यांत पेट्रोल इंजिन सर्रास असे आणि पेट्रोल इंजिन म्हटले की कार्ब्युरेटर ओघानेच आला.

कार्ब्युरेटरचे तत्त्व साधे आहे. हवेची नळी मध्यभागी अरुंद केली की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. या घटलेल्या दाबाने वाटीतील पेट्रोल एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढले जाते व हवेत फवारले जाते. वाटीतील पातळी फ्लोट राखतो, थंड इंजिन सुरू करताना चोक हवा कमी करतो आणि स्लोचा स्क्रू इंजिन जागेवर चालत असतानाचे मिश्रण ठरवतो. विल्हेल्म मायबाख याने १८९३ मध्ये सिद्ध केलेल्या फवारा-कार्ब्युरेटरपासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगातील बहुसंख्य पेट्रोल मोटारी या एका युक्तीवर चालल्या. हे साधन स्वस्त होते, विजेवाचून चालत होते आणि स्क्रू-ड्रायव्हर व तोंडाने मारलेली फुंकर एवढ्यावर दुरुस्त होत होते.

त्याची मर्यादाही याच साधेपणात होती. जेटचे छिद्र ठरावीक असते, हवा मात्र ठरावीक नसते. मुंबईच्या समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी खंडाळ्याचा घाट चढून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरील पुणे परिसरात आली की हवा विरळ झाल्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढते. त्यात उन्हाळ्यातील दुपार आणि डिसेंबरमधील पहाट यांचा फरक आहेच. गाडी ‘मिसिंग’ करते, ‘पिकअप’ देत नाही, प्लग काळे पडतात. मग मेस्त्री इंजिनाच्या आवाजाला कान लावून स्लोचा स्क्रू पाव आटा इकडे-तिकडे फिरवतो. हा कान कोणत्याही पुस्तकातून मिळत नसे. तो उस्तादाकडून हाताखालच्या पोराला, आणि त्याच्याकडून पुढच्याला असा उतरत गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात या परिसरातील पेट्रोल मोटारीचा प्रातिनिधिक नमुना म्हणजे प्रीमियर कंपनीची फियाट. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये केली. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, तेच हे उद्योजक. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० ची जुळणी सुरू झाली. सत्तरच्या दशकात हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली व शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. १,०८९ घन सेंटिमीटरचे तिचे इंजिन अखेरपर्यंत मूळच्या घडणीचे राहिले. तालुक्यातील डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे संचालक यांच्या दारात ही गाडी असे. दुचाकीच्या बाबतीत हेच स्थान आकुर्डीच्या बजाज स्कूटरचे आणि बुलेटचे होते.

विहिरीवरचे इंजिन

येथवरचे वर्णन वाचून असे वाटणे स्वाभाविक आहे की इंधन-अंतःक्षेपण ही वस्तू ग्रामीण भागाला अगदी अलीकडे, परक्या पाहुण्यासारखी भेटली. वस्तुस्थिती तशी नाही, आणि प्रस्तुत निबंधाचा मुख्य मुद्दा हाच आहे. डिझेल इंजिनात कार्ब्युरेटर कधीच नव्हता. डिझेल प्रचंड दाबाने थेट सिलिंडरमध्ये सोडावे लागते आणि त्यासाठी पंप व नोझल ही जोडी आरंभापासूनच अनिवार्य होती. म्हणजेच यांत्रिक स्वरूपातील इंधन-अंतःक्षेपण विहिरीवरच्या इंजिनाबरोबर गावात कधीच येऊन पोहोचले होते.

शंतनुराव किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा उद्योग सुरू झाला. सातारा जिल्ह्यातील कूपर इंजिनेही शेतकऱ्यांच्या परिचयाची होती. वीज पोहोचण्यापूर्वी शिरूरच्या अवर्षणप्रवण भागातील विहिरींवर आणि दौंडच्या बागायती पट्ट्यातील गुऱ्हाळांवर ही इंजिने चालली. केडगाव-यवत परिसरातील गुऱ्हाळांचा चरक फिरवणारे इंजिन बंद पडले तर रस आंबतो आणि एका दिवसाचा ऊस वाया जातो. त्यामुळे ‘नोझल टपकते’, ‘पंपात हवा धरली’, ‘टायमिंग मागे गेले’ हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. नोझलचा फवारा कसा पडतो हे हाताने पंप मारून पाहणे, इंधनाच्या नळीतील हवा काढणे, नोझल किती दाबाला उघडते हे तपासणे ही कामे करणारे कारागीर बाजाराच्या गावी तयार झाले. पुढे ट्रॅक्टर आणि उसाची वाहतूक करणारे ट्रक आले, तेव्हा या कौशल्यास मोठे क्षेत्र लाभले. जमशेदपूरच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला होता. अशा इंजिनांसाठी लागणारी नोझले बनवणारा मायको (आताची बॉश) कंपनीचा कारखाना नाशिकला उभा राहिला. पंपाचे ‘कॅलिब्रेशन’ करून देणारी दुकाने हा महामार्गावरील गावांचा एक स्वतंत्र धंदाच होऊन गेला.

या पार्श्वभूमीवर १९८० च्या दशकातील एका व्यवहाराकडे पाहावे लागते. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत शासकीय धोरणामुळे मोठे अंतर होते. पेट्रोलवर चालणाऱ्या विलीस जातीच्या जीप आणि अँबॅसिडर गाड्या चालवणे मालकाला परवडेनासे झाले, तेव्हा मूळ पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा देशाच्या ग्रामीण भागात पडली. वडाप करणाऱ्या जीपला तर त्यावाचून गत्यंतर नव्हते. हेही कार्ब्युरेटरकडून अंतःक्षेपणाकडे झालेले रूपांतरच होते. फरक एवढाच की येथे कार्ब्युरेटर बदलला जात नव्हता, कार्ब्युरेटरसकट सारे इंजिनच उचलून बाजूला ठेवले जात होते. अशा कामात इंजिनाचे माउंटिंग, गिअरबॉक्सची बेलहाउसिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी यांचा मेळ गॅरेजमध्येच वेल्डिंग करून घातला जाई. या कामगिरीची नोंद अभियांत्रिकीच्या इतिहासात कोठेही नाही, हे खेदजनक असले तरी अनपेक्षित नाही.

अमेरिकेतील वळण

अमेरिकेत याच रूपांतराला वेगळेच रूप आले. १९६४ च्या पाँटियाक जीटीओ या गाडीपासून तेथे ‘मसल कार’ हा प्रकार लोकप्रिय झाला. मध्यम आकाराच्या गाडीत सहा लिटरहून मोठे आठ सिलिंडरचे इंजिन आणि त्यावर दोन, तीन किंवा चार नळ्यांचे कार्ब्युरेटर, असा तो थाट होता. पेट्रोल स्वस्त होते आणि धुराची कोणाला चिंता नव्हती. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने ही स्थिती पालटली. १९७५ पासून बहुतेक गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक बसवावा लागला. पुढे आलेला तीन-मार्गी परिवर्तक हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी निकट राहिले तरच नीट काम करतो, आणि तेवढी अचूकता फ्लोट आणि जेट यांच्या आवाक्याबाहेरची होती.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. बेंडिक्स कंपनीने तयार केलेली ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाची यंत्रणा क्रायस्लरने १९५८ मध्येच काही मोजक्या गाड्यांवर दिली होती. तत्कालीन इलेक्ट्रॉनिक घटक उष्णता व कंपने सहन करू शकले नाहीत आणि त्यांपैकी बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर बसवून देण्यात आले. म्हणजे मोटारीच्या इतिहासातील या क्षेत्रातील पहिली रूपांतरे उलट दिशेची होती! बेंडिक्सचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीकडे गेले. त्यातून सिद्ध झालेली डी-जेट्रॉनिक यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीवर आली. १९७६ मध्ये धुरातील प्राणवायू मोजणारा लॅम्बडा संवेदक व्होल्वोवर बसला आणि खऱ्या अर्थाने वर्तुळ पूर्ण झाले. इंजिन आता आपला धूर स्वतः तपासून पेट्रोलचे प्रमाण ठरवू लागले.

तेथील हौशी मंडळी आज आपल्या जुन्या मसल कारवर कार्ब्युरेटरच्या जागी नेमके त्याच मापाचे थ्रॉटल बॉडी बसवतात. बाहेरून पाहणाऱ्यास एअर क्लीनरखाली काय आहे हे कळतही नाही. परंतु हे काम एक भाग काढून दुसरा लावण्याएवढे सोपे नसते. कार्ब्युरेटरला पेट्रोल नाममात्र दाबाने लागते. अंतःक्षेपणाला ते सामान्यतः तीन बारच्या आसपास दाबाने द्यावे लागते. त्यामुळे टाकीत किंवा टाकीजवळ विजेवर चालणारा पंप, बारीक फिल्टर, अधिक दाब सोसणाऱ्या नळ्या आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी यांची व्यवस्था करावी लागते. सायलेन्सरच्या नळीत छिद्र पाडून लॅम्बडा संवेदकासाठी आटे असलेली बैठक वेल्ड करावी लागते. पाण्याचे तापमान, थ्रॉटलची स्थिती, मॅनिफोल्डमधील दाब आणि इंजिनाचे फेरे यांची खबर नियंत्रक संगणकाला मिळावी लागते. याखेरीज वीज स्थिर असावी लागते. जुन्या डायनामोच्या जिवावर हा संसार चालत नाही, अल्टरनेटर हवाच. कार्ब्युरेटरची गाडी बॅटरी उतरली तरी ढकलून सुरू होते. अंतःक्षेपणाच्या गाडीत पंपाला आणि संगणकाला पुरेशी वीज नसेल तर ढकलणाऱ्यांचे श्रम व्यर्थ जातात.

कायद्याने घडवलेला बदल

भारतात हे स्थित्यंतर हौसेने आले नाही, ते न्यायालय आणि अधिसूचना यांच्या मार्गाने आले. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आणि शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये दिलेल्या आदेशाने राजधानी क्षेत्रात युरो मानकांची मुदत एकदम अलीकडे ओढली गेली. परिणामी मारुती ८०० सारखी सर्वसामान्यांची गाडीही २००० साली बहुबिंदू अंतःक्षेपणासह, म्हणजे ‘एमपीएफआय’ अशी तीन-चार अक्षरे मागील काचेवर मिरवत, बाजारात आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला. त्यात महानगरे पुढे आणि उर्वरित देश मागे अशी टप्प्यांची रचना होती. तिच्यानुसार २०१० मध्ये पुण्यासह १३ शहरांना भारत स्टेज-४ मानके लागू झाली, तर अन्यत्र भारत स्टेज-३ होती. ही दरी एप्रिल २०१७ मध्ये मिटली. पुणे शहर आणि त्याच्याच जिल्ह्यातील तालुके यांच्यासाठी धुराची मापे काही वर्षे निराळी होती, ही बाब प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुचाकीचा प्रवास अधिक रेंगाळला. हीरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमर या गाडीची अंतःक्षेपणयुक्त आवृत्ती आणली. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० अंतःक्षेपणासह सादर केली, आणि दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, तीच गाडी कार्ब्युरेटरसह, कमी किमतीत पुन्हा बाजारात आणली. ग्राहकांनी दुसरीच अधिक पसंत केली. इलेक्ट्रोजेक्टरच्या कथेची ही पुणेरी आवृत्ती म्हणता येईल. तथापि येथे यंत्र निकामी नव्हते. किंमत आणि दुरुस्तीची सोय यांच्या तराजूत ते हलके पडले होते. अखेर १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ मानके आली आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला.

रांजणगाव

शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या फियाट इंडियाने येथे कारखान्यासाठी जागा घेतली. परंतु कुर्ल्याचा वारसा रांजणगावात रुजायला दहा वर्षे लागली. टाटा मोटर्सबरोबर भागीदारी झाल्यावर, २००७ पासून, येथे उत्पादनाला खरा वेग आला. लिनिआ व पुंटो या गाड्यांबरोबरच येथे दोन इंजिने तयार होऊ लागली. एक पेट्रोलवरील ‘फायर’ आणि दुसरे १,२४८ घन सेंटिमीटरचे ‘मल्टिजेट’ डिझेल. टाटांच्या इंडिका व्हिस्टालाही हीच इंजिने मिळाली. जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने याच कारखान्यातून वर्षाला एक लाखापर्यंत डिझेल इंजिने घेण्याचा करार केला.

मल्टिजेटचे महत्त्व केवळ संख्येत नाही. डिझेल एका सामाईक नळीत अत्युच्च दाबाने साठवून ते संगणकाच्या आज्ञेने, एका आवर्तनात अनेक वेळा, सिलिंडरमध्ये सोडण्याची ‘कॉमन रेल’ पद्धती इटलीत फियाट समूहाच्या संशोधन केंद्रात आकाराला आली आणि बॉशने ती बाजारयोग्य केली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ वर ती प्रथम आली. विहिरीवरच्या इंजिनाचे नोझल साधारण दोनशे बारला उघडत असे. येथे दाब हजार बारच्या पुष्कळ वर गेला. पेट्रोल आणि डिझेल या दोन घराण्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वेगळे होते. एकाचा कान स्लोच्या स्क्रूवर, दुसऱ्याची नजर नोझलच्या फवाऱ्यावर. संगणकाने ही दोन्ही घराणी एकाच छत्राखाली आणली. रांजणगावच्या एकाच आवारात ‘फायर’ आणि ‘मल्टिजेट’ शेजारी शेजारी जुळत होती, आणि दोहोंचे निदान एकाच प्रकारच्या जोडणीतून, स्कॅनर लावून, होत होते.

या ठिकाणी एक विसंगती डोळ्यांत भरते. ज्या तालुक्यात हे इंजिन तयार होत होते, त्याच तालुक्यातील स्वतंत्र गॅरेजवाल्यास ते उघडण्याचे साधन सहजी उपलब्ध नव्हते. ही तक्रार एकट्या रांजणगावपुरती नव्हती. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती व निदानाची साधने खुल्या बाजारातील दुरुस्ती करणाऱ्यांना मिळू न देणे, हा त्यातील आक्षेपाचा गाभा होता. या आदेशाविरुद्ध अपिले झाली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले आणि मोटार उद्योगाचा त्यात समावेश केला. कार्ब्युरेटरच्या काळात असा प्रश्न उद्भवलाच नसता. जेटला संकेतशब्द नव्हता.

ऊस आणि पेट्रोल

कार्ब्युरेटर संपला असे म्हणावे तर जुनी पद्मिनी, जुनी बुलेट, हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा (१९८४ ते २००२) आजही जपलेल्या आढळतात. काँटेसाला तर हौशी लोक भारतीय मसल कार म्हणतात, मग तिच्या सुरुवातीच्या इंजिनाची ताकद त्या बिरुदाला शोभणारी नसली तरी. या गाड्यांपुढील आजचा प्रश्न धुराचा नाही, इंधनाचा आहे, आणि तो थेट दौंड-शिरूरच्या शेतांतून आलेला आहे.

पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा या सहकारी कारखान्यांनी या दोन तालुक्यांचे अर्थकारण घडवले. पुढे खाजगी कारखाने आले. साखरेचे दर पडले की कारखाना अडचणीत येतो आणि उसाची देणी थकतात, हे दुष्टचक्र मोडण्याचा एक मार्ग म्हणून इथेनॉलकडे पाहिले गेले. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट मुदतीपूर्वी गाठले गेले आणि २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण देशभर पोहोचले.

इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतोच. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला योग्य ज्वलनासाठी हवेचे प्रमाण १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास लागते. लॅम्बडा संवेदक असलेले इंजिन हे ओळखून इंधन वाढवते. ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरला यातले काहीच कळत नाही, मिश्रण विरळ होते, इंजिन अधिक तापते आणि गाडी ‘पिकअप’ सोडते. मेस्त्री जेट थोडा मोठा घालून यावर तोड काढू शकतो. परंतु दुसरी अडचण अधिक चिवट आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या वाटीत पाणी वेगळे होऊन तळाशी बसते, मिश्रधातू गंजतो, आणि जुन्या रबराचे डायफ्रॅम व नळ्या फुगतात. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या, अशा इंधनासाठी न घडवलेल्या चारचाकींच्या इंधनकार्यक्षमतेत ६ ते ७ टक्के घट अपेक्षिली होती.

मग जुन्या गाडीवर अंतःक्षेपण बसवावे काय? तांत्रिक दृष्ट्या हे शक्य आहे आणि इंधनाच्या प्रश्नावर तेच सर्वांत नेमके उत्तर ठरेल, अर्थात टाकीपासूनच्या नळ्या व सीलही त्यासोबत बदलले तर. कायदेशीर दृष्ट्या मात्र वाट अरुंद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय यांनुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सीएनजी व एलपीजी यांचे संच बसवता येतात ते मान्यताप्राप्त असतात म्हणून, आणि ती मान्यता पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांच्या चाचण्यांतून मिळते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी हवी असल्यास ते मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. परिणाम असा की ज्या गाडीला वारसा म्हणून जपायचे, तिचा कार्ब्युरेटरही जपावा लागतो, आणि तिला मिळणारे इंधन मात्र त्या कार्ब्युरेटरसाठी घडवलेले नसते. धोरणकर्त्यांनी या दोन नियमांचा एकत्र विचार केला असल्याचे दिसत नाही. वारसा-वाहनांसाठी रबर व सील यांचे इथेनॉल-सह्य भाग मूळ स्वरूपाचा भंग न मानता मान्य करणे, एवढी तरतूद अवघड नसावी.

दरम्यान तालुक्याच्या गावी या गाड्यांचा आधार म्हणजे साठी ओलांडलेला, चष्म्याच्या काचेतून जेट उजेडाकडे धरून पाहणारा मेस्त्री. त्याच्या हाताखालची पोरे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून स्कॅनर वाचायला शिकून येतात. पंपाचे कॅलिब्रेशन करणाऱ्यांपैकी ज्यांनी कॉमन रेलची चाचणी-यंत्रे घेतली ते टिकले, कारण नोझल म्हणजे काय हे त्यांना कोणी नव्याने शिकवावे लागले नाही. कार्ब्युरेटरवाल्या मेस्त्रीला असा पूल मिळाला नाही. त्याची विद्या एका भागाशी बांधलेली होती आणि तो भाग २०२० मध्ये थांबला. मल्टिजेट इंजिनाचाही त्याच वर्षीच्या मानकांपुढे भारतीय बाजारातील मुख्य प्रवास थांबला. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेली टाटांची विजेवरील नेक्सॉन याच रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि तिच्यात जेटही नाही, नोझलही नाही.